'हळकुंड'वरचा तिसरा मोसम

माझ्या यजमानांनी हातोडीचा टोला हलकाच मारला होता, तरी बोटीच्या तळाशी बसवलेल्या त्या व्हॉल्व्हची मान मोडून त्यांच्या हातात आली. मोडलेल्या जागेचा रंग पितळेसारखा पिवळा नव्हता. तो विटेसारखा, गुलाबीकडे झुकणारा होता आणि नखाने खरवडले तर त्याची भुकटी होत होती. ओतकामात पस्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो, ज्याचा आकार जसाच्या तसा असतो पण ताकद संपलेली असते. हा व्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीखालचा होता. यजमान तो तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "अगं, मुंबईहून ही तरंगत आणायची म्हणत होतो आपण."

या बोटीचे नाव 'हळकुंड'. चोवीस फुटांची, फायबरग्लासची, शिडाची आणि बांधून चाळीस वर्षे होत आलेली ही बोट आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या एका निवृत्त गृहस्थांकडून विकत घेतली. हा आमचा तिच्यावरचा तिसरा मोसम आहे. मोसम म्हणजे डिसेंबरपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ. उरलेले वर्ष आम्ही सांगलीत असतो. मी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवत होते आणि यजमानांचा भागीदारीतला फाउंड्रीचा व्यवसाय आता मुलगा पाहतो. सांगलीच्या माणसांनी समुद्रावर राहायला का जावे, असे आम्हाला अजूनही विचारले जाते. यजमानांच्या बाजूने उत्तर सोपे आहे, कारण कॉलेजात असताना ते कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हे मारत असत आणि ती ओढ त्यांच्यातून कधी गेलीच नाही. माझे कारण वेगळे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५७ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता आणि आम्ही पाच दिवस वरच्या खोलीत काढले. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसे सुखरूप जागी नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. नदीकाठी जन्म काढूनही बोट का उलटते, किती वजन कोठे ठेवले म्हणजे ती स्थिर राहते, हे मला ठाऊक नव्हते, आणि ती गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. आमच्या बोटीवर डेकवर पाऊल ठेवायचे ते लाइफ जॅकेट घालूनच, हा नियम मी पहिल्या दिवशी केला आणि तो अजून मोडलेला नाही.

बोट ट्रकवर घालून सांगलीकडे आणण्याचा निर्णय त्या व्हॉल्व्हने घेतला असे म्हटले तरी चालेल, पण त्याला आणखी एक कारण होते. तिच्या तळावर, पाण्याखालच्या भागात, शेकड्याने फोड आलेले होते; काही वाटाण्याएवढे, काही लिंबाएवढे. एक फोड टोचला तेव्हा आतून आलेल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. फायबरग्लासच्या बोटीचा हा जुना आजार आहे. तिच्या बाहेरच्या चकचकीत थरातून, ज्याला जेलकोट म्हणतात, पाणी वर्षानुवर्षे अत्यंत सावकाश आत शिरते. आतल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये जी द्रव्ये पूर्णपणे जुळून आलेली नसतात ती त्या पाण्यात विरघळतात. हे विरघळलेले आम्ल आणखी पाणी ओढून घेते आणि वाढलेल्या दाबाने फोड उठतो. उपाय सांगायला सोपा आहे: जेलकोट काढून टाकायचा, आतला थर धुऊन कोरडा करायचा आणि वर एपॉक्सीचे लेप द्यायचे. अवघड आहे ते कोरडे करणे. ज्या किनाऱ्यावर बोट ठेवायची होती त्या रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही हवा दमट असते. याउलट आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला, कवठेमहांकाळच्या पुढे, हवा इतकी कोरडी असते की तिच्या भरवशावर द्राक्षांचा बेदाणा होतो. जी हवा द्राक्षाचा बेदाणा करते ती बोटीचा तळही कोरडा करील, असा आमचा विचार होता. एका ओळखीच्या बागायतदारांनी बेदाण्याच्या शेडशेजारचे पत्र्याचे उंच गोदाम दिले आणि जानेवारी २०२३ मध्ये, समुद्रापासून चार घाट-डोंगर अलीकडे, बाभळी आणि दगडी बांधांच्या मुलखात आमची बोट लोखंडी घोड्यांवर चढली.

विचार अर्धाच बरोबर निघाला. ग्राइंडरने जेलकोट उतरवून झाल्यावर मार्चभर आणि अर्धा एप्रिल तळ नुसता उघडा ठेवला होता. बाहेर पारा चाळिशीला टेकला होता, तरी ओलावा मोजणाऱ्या मीटरचा काटा तीन आठवडे एकाच जागी अडून बसला. मग कळले की आतला अंश निव्वळ पाण्याचा नसतो. त्यात ग्लायकॉलसारखी द्रव्ये असतात, ती उन्हाने उडून जात नाहीत, उलट हवेतला ओलावा धरून ठेवतात. ती काढायची तर तळ गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी येण्यापूर्वी जेथे जनावरांच्या छावण्या लागत, त्या भागात बोट धुण्यासाठी नळी सोडून देणे मला पटले नाही. आम्ही घरचा तांब्याचा बंब गोदामात नेला आणि रोज दोन बादल्या कढत पाण्यात फडकी बुडवून तळ हाताने पुसून काढला. असे अठरा दिवस केले. त्यानंतर मात्र काटा खाली येऊ लागला आणि मेच्या अखेरीस, जेव्हा तळावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याखाली रात्रभरात एक थेंबही जमला नाही, तेव्हा आम्ही लेपाचे काम हाती घेतले.

एपॉक्सीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे फायबरचे काम करणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिनच्या सवयीचे असतात आणि त्या सवयी येथे घात करतात. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा जास्त टाकला तर रेझिन लवकर जमते. एपॉक्सीमध्ये हार्डनर हा रासायनिक जोडीतला भागीदार असतो. तो वजनाच्या ठरलेल्या प्रमाणातच पडला पाहिजे, जास्त पडला तर तो भाग कायमचा मऊ राहतो. म्हणून सोन्याच्या दुकानात असतो तसा बारीक वजनकाटा आम्ही घेतला. दुसरी गोष्ट उष्णतेची. जमताना एपॉक्सी स्वतःच तापते, आणि ते अरुंद डब्यात साठून राहिले तर ती उष्णता बाहेर पडत नाही. पहिल्याच दिवशी सकाळी दहाला कालवलेला अर्धा किलोचा डबा पाच मिनिटांत धुमसू लागला, त्यातून पिवळा धूर निघाला आणि प्लॅस्टिकचा डबा वितळून वाकडा झाला. तेव्हापासून आम्ही पहाटे चारला उठून काम करू लागलो आणि कालवलेले एपॉक्सी लगेच पसरट परातीत ओतू लागलो. प्रत्येक लेप जमल्यावर त्याच्यावर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने घासून काढला नाही तर पुढचा लेप धरत नाही. असे सहा लेप झाले.

व्हॉल्व्हचे काम यजमानांचे होते आणि ते त्यांनी मनासारखे केले. तळाला आरपार जाणारी जोडणी त्यांनी आमच्याच भट्टीत गनमेटलमध्ये ओतली. ८५ भाग तांबे आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ भाग, म्हणजे पंपाच्या इम्पेलरला वापरतात तीच मिश्रधातू. मिरजेच्या एमआयडीसीत लेथवर आटे पाडून घेतले आणि प्रत्येक नग पाण्याच्या दाबावर तपासून मगच बसवला. या कामात आजतागायत एक थेंबही गळालेला नाही.

एवढे झाल्यावर आम्ही थांबायला हवे होते. बोट डिसेंबरपर्यंत पाण्यात जाणार नव्हती, हातात वेळ होता, हुरूप होता, आणि आम्ही तिच्यात सुधारणा करू लागलो. आज मागे वळून पाहताना मला दुरुस्ती आणि सुधारणा या दोन शब्दांतला फरक स्पष्ट दिसतो. दुरुस्ती सांगलीत उत्तम होते. येथे कारागीर आहेत, भट्ट्या आहेत, कोरडी हवा आहे. सुधारणा मात्र बोटीवर राहूनच करायची असते, कारण घोड्यांवर उभी असलेली बोट कलत नाही, डुलत नाही, तिच्यावर सावली फिरत नाही आणि तिच्यात कोणी रात्र काढलेली नसते. त्या पावसाळ्यात जे जे मी आणि यजमानांनी मोठ्या आवडीने बसवले, त्यातले निम्म्याहून अधिक पुढच्या दोन मोसमांत काढून टाकावे लागले.

डिसेंबर २०२३ मध्ये बोट पुन्हा ट्रकवर चढली. आंबा घाटातली वळणे उतरताना मी मागच्या जीपमध्ये होते आणि प्रत्येक वळणावर तिची डोलकाठी ट्रकच्या मागे किती बाहेर येते तेवढेच पाहत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडच्या खाडीत ती पाण्यात उतरली आणि पहिल्याच तासाला दिसले की ती उजवीकडे कलली आहे. ते वजन माझ्या बॅटरीचे होते. सांगलीत भारनियमन सोसलेल्या प्रत्येक घरात असते तशी १५० अँपिअर-तासांची (अँपिअर-तास हे बॅटरीतल्या विजेच्या साठ्याचे माप) उंच ट्यूब्युलर बॅटरी मी मागच्या बाजूच्या झोपण्याच्या फळीखाली बसवली होती. आम्लासह तिचे वजन ५५ किलोंच्या पुढे जाते. पावणेदोन टनांच्या बोटीत एका कडेला असलेले ५५ किलो म्हणजे एक माणूस रात्रंदिवस कठड्यावर बसवून ठेवण्यासारखे आहे. शीड भरून बोट पंधरा-वीस अंश कलली की त्या बॅटरीच्या झाकणांतून आम्ल पाझरत असे, चार्ज होताना निघणारा हायड्रोजन झोपायच्या जागेखालीच साठण्याची भीती होती, आणि एवढे करून शिशाच्या बॅटरीचे आयुष्य राखायचे तर तिची अर्धीच क्षमता, म्हणजे ७५ अँपिअर-तास, वापरता येत होती. दुसऱ्या मोसमात तिच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी आली. तिचे वजन १२ किलोंच्या आत आहे आणि तिच्यातून ८० अँपिअर-तास निर्धास्त घेता येतात. ती बोटीच्या मध्यरेषेवर, पायरीखाली बसली आणि बोट सरळ झाली. आकडे मला आधीही ठाऊक होते, मी ते वर्गात शिकवत होते. वजनाचा रकाना मात्र माझ्या तक्त्यात नव्हता, कारण घरातल्या इन्व्हर्टरचे वजन कोणी मोजत नाही.

सौर पॅनेलची गोष्ट मला अधिक लागली. गोदामाबाहेरच्या उन्हात मी १०० वॅटची दोन पॅनेल केबिनच्या छतावर बसवून आठवडाभर नोंदी घेतल्या होत्या आणि त्या नोंदी उत्तम होत्या. त्या वेळी डोलकाठी उतरवून जमिनीवर ठेवलेली होती. खाडीत डोलकाठी उभी राहिली, तिला धरणारे पोलादी दोर ताणले गेले, शिडाचा आडवा दांडा छतावर आला, आणि नांगरावर बोट भरती-ओहोटीबरोबर फिरू लागल्यावर या सगळ्यांच्या सावल्या दिवसभर पॅनेलवरून हिंडू लागल्या. पॅनेलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात; त्यातल्या एका सेलवर बोटभर सावली पडली तरी त्या माळेचा प्रवाह आवळला जातो. मी दोन्ही पॅनेल आणखी एकामागे एक, सिरीजमध्ये जोडली होती, त्यामुळे एकाच्या सावलीची झळ दुसऱ्यालाही बसत होती. अपेक्षा दिवसाला ५०-५५ अँपिअर-तासांची होती आणि मिळत होते वीस-बावीस. आता एक पॅनेल मागच्या कठड्यावर, दांड्याच्या सावलीपलीकडे, हाताने कलवता येईल असे बसवले आहे, दुसरे छतावरच आहे, आणि दोघांना स्वतंत्र कंट्रोलर आहेत. सकाळी चहा ठेवण्यापूर्वी पॅनेल पूर्वेला वळवायचे आणि जेवणानंतर पश्चिमेला, हे आता तुळशीला पाणी घालण्याइतके अंगवळणी पडले आहे.

त्याहून मोठा फरक पडला तो फ्रीज काढल्यामुळे. चाळीस लिटरचा बारा व्होल्टचा फ्रीज आम्ही हौसेने घेतला होता आणि कोकणच्या उष्म्यात तो एकटाच दिवसाला ३५ ते ४० अँपिअर-तास पीत होता. पहिल्या मोसमातल्या दोन महिन्यांत आमच्या ध्यानात आले की भाजी आणि दूध रोज धक्क्यावर मिळते, मासळीच्या धंद्यामुळे बर्फ कोणत्याही बंदरात मिळतो, आणि थर्मोकोलची जाड पेटी दोन दिवस गारवा धरते. फ्रीज सांगलीला मुलाकडे गेला. आता नांगराचा दिवा, केबिनचे दिवे, दोन छोटे पंखे, व्हीएचएफ रेडिओ, फोन आणि माझा लॅपटॉप मिळून दिवसाला सतरा-अठरा अँपिअर-तास लागतात. सलग तीन दिवस आभाळ असले तरी काळजी वाटत नाही. नळाचा विजेचा पंपही गेला आणि त्याच्या जागी पायाने दाबायचा पंप आला. त्यामुळे ऐंशी लिटरची टाकी आम्हा दोघांना पाच दिवसांऐवजी आठ दिवस पुरू लागली, कारण पायाने दाबून काढलेले पाणी कोणी वाहते सोडत नाही. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी तांब्याभर गोड्या पाण्यात काढतो.

वायरिंगविषयी माझ्यासारख्या घरगुती वीजजोडणीच्या सवयीच्या माणसांसाठी एकच हिशेब देते. तळात साठलेले पाणी उपसणारा पंप ५ अँपिअर घेतो आणि आमच्या बोटीत बॅटरीपासून त्याच्यापर्यंत ६ मीटर वायर जाते, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत यावर सुमारे ०.४१ व्होल्टची घट होते. २३० व्होल्टच्या घरात ही घट कोणाच्या लक्षातही येत नाही, पण १२ व्होल्टमध्ये ती ३ टक्क्यांहून जास्त भरते आणि पंप नेमका गरजेच्या वेळी मंदावतो. ४ चौरस मिलिमीटरची तार घातली की घट ०.२६ व्होल्टवर येते. तारही कल्हईची, म्हणजे प्रत्येक बारीक तंतूवर कथिलाचा मुलामा असलेली लागते. मी सांगलीतून नेलेली साधी तार पहिल्या मोसमाच्या शेवटी टोकाशी सोलली, तर आत वीतभर लांबीपर्यंत काळी पडली होती. हा पंप मी मुख्य स्विचला वळसा घालून, स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडला आहे, कारण बोट बंद करून आम्ही सांगलीला गेलो तरी त्याने जागे राहिले पाहिजे.

आता नांगर. शेतीतल्या अवजाराला आणि बोटीच्या लोखंडाला मराठीत एकच शब्द आहे आणि आमच्या बोटीबरोबर आलेला नांगर तर खरोखरच फाळाच्या आकाराचा होता. तळच्या चिखलात घुसून नांगरट करीत बसायचा. पहिल्या मोसमातल्या एका रात्री आम्ही खाडीच्या तोंडाजवळ ३ मीटर पाण्यात तो टाकला, १५ मीटर दोर-साखळी सोडली आणि सोडलेली लांबी आणि खोली यांचे पाचास एक हे पुस्तकातले प्रमाण साधले म्हणून समाधानाने झोपलो. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती आवाजाने नव्हे, तर आवाज बदलल्याने. तोवर तळाशी साखळीची सावकाश घरघर ऐकू येत असे, ती आता एकसारखी, थरथरती झाली होती. बाहेर येऊन पाहिले तर किनाऱ्यावरचा जो दिवा झोपताना डोलकाठीच्या उजवीकडे होता तो डावीकडे गेला होता. अमावास्येचे उधाण होते. पाणी अडीच मीटर चढले होते आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर, म्हणजे एकूण साडेसहा मीटर झाले होते. पाचास एक वाटलेले प्रमाण प्रत्यक्षात सव्वादोनास एक उरले होते आणि ओढ आडवी न राहता वरच्या दिशेने लागून नांगर उपटत होता. यजमानांनी इंजिन सुरू केले, मी दोर सोडत गेले, आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघे डेकवर बसून राहिलो. सकाळी शेजारच्या मच्छीमार बोटीचे तांडेल जवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "बाई, आत्ता पाणी किती हाय ते नका बघू, भरती आल्यावर किती होनार ते बघा." मी तेव्हापासून प्रत्येक नांगरणीआधी वहीत तीन आकडे मांडते: आताची खोली, भरतीचा बाकी चढ आणि नाळेची उंची.

नवा नांगर फावड्यासारखा खोलगट पात्याचा, १० किलोंचा आहे. साखळी किती घ्यावी यावर आमची बरीच चर्चा झाली. ८ मिलिमीटरच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे १.४ किलो असते. ३० मीटर घेतली तर ४२ किलो नाळेत जाऊन बसतात आणि एवढ्या छोट्या बोटीची नाळ पाण्यात खचते. शेवटी २० मीटर साखळी आणि पुढे ४० मीटर नायलॉनचा दोर असे ठरले. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लाटेचा धक्का नांगरापर्यंत पोचण्यापूर्वी दोरच तो पचवतो. हा नांगर गेल्या दोन मोसमांत एकदाही सरकलेला नाही, आणि बोटीवर शांत झोप लागणे ही माझ्या दृष्टीने आजवरची सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

शौचालयाचे थोडक्यात सांगते. हातपंपाचे जुने भांडे काढून कोरडे शौचालय बसवले. त्यात काथ्याचा भुसा लागतो आणि तो कोकणात मुबलक आहे. त्यामुळे तळाची दोन भोके निकामी झाली आणि ती आम्ही कायमची बुजवली. तळाची जाडी ८ मिलिमीटर असल्याने बाराच्या पटीत, म्हणजे भोकाभोवती ९६ मिलिमीटरपर्यंत, उतार घासून एकावर एक वाढत्या आकाराच्या काचकापडाच्या चकत्या एपॉक्सीने बसवाव्या लागल्या. पाण्याखाली असलेले प्रत्येक भोक ही एक जबाबदारी असते, हे त्या गुलाबी पितळेने आम्हाला शिकवलेच होते.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी ठरली ती मांडवाची कनात. पहिल्या मार्चमध्ये दुपारी केबिनमध्ये बसवत नसे. सांगलीत लग्नाचे मांडव घालणाऱ्या एका कारागिराला मी मापे दिली आणि त्यांनी जाड पांढऱ्या कापडाची, डोलकाठीपासून मागच्या कठड्यापर्यंत पोचणारी, दोन्ही बाजूंनी गुंडाळता येणारी कनात शिवून दिली. तिच्याखाली दुपारी साडेबारानंतर, जेव्हा पहाटेचे मतलई वारे पडून समुद्राकडून खारे वारे सुरू होतात, तेव्हा अंगावर पदर घ्यावा इतका गारवा असतो. स्वयंपाक आम्ही आता तिच्याखालीच, उघड्यावर करतो. गॅस हवेपेक्षा जड असतो. केबिनमध्ये गळला तर तो पाण्यासारखा तळाशी जाऊन साठतो आणि बाहेर पडायला वाट नसते. म्हणून ५ किलोंची टाकी मागच्या बाजूला, खाली बाहेर उघडणारे छिद्र असलेल्या पेटीत ठेवली आहे आणि स्वयंपाक संपला की टाकीची चावी बंद करण्याचे काम ज्याने चूल पेटवली त्याचेच.

या मोसमात नवीन काही बसवायचे नाही, असे आम्ही ठरवले होते, पण जानेवारीत यजमानांच्या उशाशी एक तपकिरी डाग दिसू लागला. बाहेर पाऊस नव्हता. ते दवाचे पाणी होते. डाग बरोबर त्या खांबाखाली आहे ज्याला डेकवरचा कठडा बांधलेला असतो. डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेले सँडविच असते, आणि बोल्टच्या भोकातून पाणी शिरले की ते लाकूड आतून कुजत जाते. आम्ही चारही बोल्ट काढले. तीन भोकांतून निघालेला भुसा कोरडा आणि फिकट होता, चौथ्यातून काळसर, ओला लगदा आला. यजमानांनी वाकवलेली खिळ्याची कांब ड्रिलमध्ये धरून त्या भोकाच्या आतले कुजके लाकूड सर्व बाजूंनी दोन बोटे खरवडून काढले, मी भोक खालून चिकटपट्टीने बंद केले आणि आता ते सुकण्यासाठी उघडे ठेवले आहे. रात्री त्यावर वाटी उपडी घालतो. येथल्या हवेत ते किती दिवसांत कोरडे होईल हे मीटर सांगेल. तसे झाले की त्यात घट्ट एपॉक्सी भरायचे, ते जमल्यावर बोल्टच्या मापाचे नवीन भोक त्या एपॉक्सीतूनच पाडायचे, म्हणजे पुढे कधी पाणी झिरपले तरी लाकडाला लागणार नाही. कठड्याचे आणखी सात खांब आहेत. आज दुपारी आम्ही दुसऱ्याचे बोल्ट सैल केले आहेत.